मदतयादीत घराचं नाव कसं येतं? आपत्तीतलं अन्नसुरक्षा सर्वेक्षण, पात्रता आणि कागदपत्रं

पूर, दुष्काळ, भूकंप किंवा युद्धानंतर वस्तीत टॅब्लेट घेतलेली माणसं येतात. एका घरात तासभर बसतात, मधली चार घरं सोडतात आणि पाचव्या घरात शिरतात. काय शिजवलं, किती वेळा जेवलात, काय विकलं, कर्ज कोणाकडून काढलं, असं विचारतात आणि निघून जातात. महिनाभराने धान्याची किंवा रोख मदतीची यादी लागते. तासभर उत्तरं दिलेल्या घराचं नाव तिच्यात नसतं आणि कोणी काही न विचारलेल्या शेजाऱ्याचं असतं. इथून भांडणं सुरू होतात. ती टाळता येतात, पण त्यासाठी ही सगळी प्रक्रिया आधी कळायला हवी.

सर्वेक्षण आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वेक्षण नमुन्याचं असतं. काही घरं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतात आणि त्यांच्या उत्तरांवरून पूर्ण भागाची स्थिती ठरवतात. त्यात दिलेलं उत्तर हा तुमचा अर्ज नसतो. त्या उत्तरांमुळे नाव यादीत येत नाही आणि वगळलंही जात नाही. मदतीसाठीची नोंदणी नंतर होते, तिचे निकष वेगळे असतात आणि कागदपत्रं तिथे लागतात. सर्वेक्षणाला आलेल्या माणसाने हे पहिल्याच वाक्यात सांगायला हवं. त्याने सांगितलं नाही तर आपण विचारावं.

आधी भाग ठरतो, मग घर

कोणत्या भागाला आधी मदत द्यायची, हे अनेक देशांत आयपीसी नावाच्या वर्गीकरणावरून ठरतं. (हिचा कायद्याच्या कलमांशी काही संबंध नाही. हे अन्नसुरक्षेच्या टप्प्यांचं एकात्मिक वर्गीकरण आहे.) ही पद्धत २००४ मध्ये सोमालियात सुरू झाली. तिच्यात पाच टप्पे आहेत. पहिल्यात फारशी अडचण नसते, दुसऱ्यात ताण असतो, तिसरा संकटाचा, चौथा आणीबाणीचा आणि पाचवा महाआपत्तीचा म्हणजेच दुष्काळमृत्यूंचा. एखाद्या भागातली किमान २० टक्के लोकसंख्या ज्या टप्प्यात किंवा त्याहून वाईट स्थितीत असते, तो टप्पा त्या भागाला लागतो. तिसऱ्या टप्प्यापासून पुढे तातडीची मदत लागते असं मानतात.

पाचव्या टप्प्यातला दुष्काळ जाहीर करण्याच्या अटी फार कडक आहेत. किमान २० टक्के घरांमध्ये अन्नाचा टोकाचा अभाव, किमान ३० टक्के मुलांमध्ये तीव्र कुपोषण आणि दर दहा हजार लोकांमागे रोज किमान दोन मृत्यू, अशी परिस्थिती असावी लागते. सोमालिया (२०११), दक्षिण सुदान (२०१७), सुदानमधली झमझम छावणी (२०२४) आणि गाझा (२०२५) इथे ही मोहर लागली. अशी मोहर लागेपर्यंत पुष्कळ माणसं गेलेली असतात. म्हणून खरं लक्ष तिसऱ्या टप्प्यावर हवं, आणि तो टप्पा घराघरातल्या उत्तरांवरूनच ओळखता येतो.

घर म्हणजे कोण?

कागदावर कुटुंबप्रमुखाचं नाव असलं, तरी सर्वेक्षणातलं ‘घर’ म्हणजे एका चुलीवर शिजवून खाणारी माणसं. मराठीत वेगळं होण्याला आपण वेगळी चूल मांडणं म्हणतो. इथला अर्थ नेमका तोच. एका छपराखाली दोन भाऊ राहतात पण चुली दोन असतील, तर घरं दोन. कामाला बाहेरगावी गेलेला मुलगा इथे जेवत नाही, म्हणून जेवणाऱ्यांत त्याला मोजत नाहीत. त्याने पाठवलेले पैसे मात्र घराच्या उत्पन्नात धरले जातात. आपत्तीनंतर आसऱ्याला आलेली बहीण आणि तिची मुलं रोज याच चुलीवर जेवत असतील, तर त्यांना न विसरता सांगावं. बरीच घरं संकोचाने त्यांचा उल्लेखच करत नाहीत आणि मग सहा जणांच्या हिशेबात नऊ जण जेवतात.

काय विचारतात आणि का

पहिला प्रश्नसंच मागच्या सात दिवसांतल्या जेवणाचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाची ही पद्धत जगभर वापरली जाते. अन्नाचे आठ गट केलेले असतात. कोणता गट किती दिवस खाल्ला ते विचारतात आणि दिवसांना त्या गटाला ठरवून दिलेल्या भाराने, म्हणजे आकड्याने, गुणतात. धान्य-कंद २, डाळी-कडधान्यं ३, भाजी १, फळ १, मांस-मासे-अंडी ४, दूध ४, साखर अर्धा, तेल अर्धा. बेरीज २१ किंवा त्याखाली असेल तर आहार ‘निकृष्ट’, २१.५ ते ३५ ‘काठावर’ आणि ३५ च्या वर ‘स्वीकारार्ह’.

एक घर घेऊ. धान्य सातही दिवस, डाळ एक दिवस, भाजी दोन दिवस, तेल आणि साखर रोज. हिशेब होतो १४ + ३ + २ + ३.५ + ३.५ = २६, म्हणजे काठावर. त्यातले तेल-साखरेचे सात गुण काढले तर उरतात १९, म्हणजे निकृष्ट. म्हणून जिथे तेल आणि साखर जवळपास रोज खाल्ली जाते, तिथे २१ आणि ३५ च्या रेषा २८ आणि ४२ वर नेतात. तिथे हेच २६ गुणांचं घर निकृष्ट गटात मोजलं जातं.

आता त्याच घरात चहात घालायला थोडं दूध येतं असं समजा. सर्वेक्षकाने ‘दूध – सात दिवस’ असं नोंदवलं की ७ × ४ म्हणजे २८ गुण वाढले. २६ चे ५४ झाले आणि अर्धपोटी घर कागदावर खाऊन-पिऊन सुखी दिसलं. नियम स्पष्ट आहे : चवीपुरतं किंवा रंगापुरतं घातलेलं अन्न त्याच्या मूळ गटात मोजायचं नाही. तेव्हा उत्तर देताना “दूध असतं” एवढ्यावर थांबू नका. “चहापुरतं असतं” असं पूर्ण सांगा. या एका शब्दाने निष्कर्ष फिरतो.

दुसरा संच पोटाला चिमटा घेण्याचा. मागच्या सात दिवसांत किती दिवस हलकं, स्वस्त अन्न खावं लागलं (भार १), किती दिवस अन्न उसनं आणावं लागलं (२), ताटातलं कमी करावं लागलं (१), लहानांना पुरावं म्हणून मोठ्यांनी कमी खाल्लं (३), जेवणाच्या वेळा कमी केल्या (१). अनुक्रमे ५, २, ४, २ आणि ३ दिवस अशी उत्तरं आली तर बेरीज ५ + ४ + ४ + ६ + ३ = २२. १९ आणि त्यापुढचा आकडा तिसऱ्या किंवा त्याहून वाईट टप्प्याकडे बोट दाखवतो. मोठ्यांनी कमी खाण्याला सर्वांत जास्त भार आहे, आणि नेमका तोच प्रश्न घरातल्या पुरुषाला विचारला तर उत्तर बहुधा “नाही” येतं. कोण न जेवता उठलं हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला ठाऊक असतं. ती घरात असेल तर तिलाच बोलू द्यावं.

तिसरा संच अगदी छोटा, तीनच प्रश्नांचा आणि मागच्या महिन्याचा : घरात खायला काहीच नव्हतं असं झालं का, कोणी उपाशी झोपलं का, कोणी पूर्ण दिवस-रात्र काही न खाता काढली का.

चौथा संच उपजीविकेचा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. पोटासाठी घराने काय काय गमावलं, हे त्यात तपासतात. घरातल्या वस्तू विकणं, शिल्लक मोडणं किंवा कर्ज काढणं हा ताण. अवजारं, शिलाई मशीन यांसारखी कमाईची साधनं विकणं, मुलांची शाळा सोडवणं हे संकट. जमीन किंवा राहतं घर विकणं, शेवटची मादी जनावरं विकणं, भीक मागणं ही आणीबाणी. आज ताटात भाकरी आहे म्हणून घर सुरक्षित आहे असं होत नाही. ती भाकरी बैल विकून आली असेल, तर पुढच्या हंगामाचं पीक आजच खाल्लं गेलं आहे.

या संचातल्या “नाही” वर फार चुका होतात. “मागच्या ३० दिवसांत जनावर विकलं का?” याचं उत्तर “नाही” असेल, तर ते तीन प्रकारचं असू शकतं. गरज पडली नाही म्हणून नाही. आमच्याकडे जनावरं कधी नव्हतीच म्हणून नाही. किंवा जी होती ती आधीच विकून झाली, आता विकायला उरलंच नाही म्हणून नाही. मागच्या बारा महिन्यांत विकून संपवलं असेल, तर ते विकलं असंच मोजायचं असतं. पहिलं “नाही” निश्चिंत घराचं आणि तिसरं नागवल्या गेलेल्या घराचं. घाईत दोन्हींवर एकच खूण पडते. सर्वेक्षकाने पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. त्याने नाही विचारला तर आपण सांगावं : “होतं, विकलं, संपलं.”

या चार संचांबरोबर काही ठिकाणी घरोघरी न जाता गटात बसून हिशेब करतात. वस्तीतले लोकच बरी, मध्यम, गरीब आणि अतिगरीब घरं म्हणजे कशी, ते सांगतात. मग त्या त्या थरातलं घर साध्या वर्षात कशावर जगतं, हे अन्नाच्या गरजेच्या टक्क्यांत मांडतात. मोजमापाला माणशी रोज २,१०० किलोकॅलरी धरतात. समजा गरीब घराला शेतीतून ४०, मजुरीतून ५० आणि जनावरांतून २० टक्के मिळत होते, एकूण ११०. पुरात पीक गेलं आणि मजुरी निम्मी झाली, तर उरले ४५. खड्डा ५५ टक्क्यांचा. तो भरायला किती मदत लागेल, हे त्यावरून निघतं. बाजारात धान्याचे ढीग असले तरी हा खड्डा तसाच राहतो, कारण विकत घ्यायला पैसा नसतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी हेच दाखवून दिलं.

पात्रता

भाग निवडल्यावर घरांची निवड होते. निकष प्रत्येक ठिकाणी स्थानिक परिस्थिती पाहून ठरवतात, पण सहसा हे पाहतात : कमावता माणूस गेला किंवा जायबंदी झाला का, एका कमावणाऱ्यामागे खाणारी तोंडं किती, घर एकट्या बाईच्या, म्हाताऱ्या माणसाच्या किंवा अल्पवयीन मुलाच्या जिवावर चालतं का, दीर्घ आजार किंवा अपंगत्व आहे का, विस्थापन झालं का, कमाईचं साधन शिल्लक आहे का. यातली एकच गोष्ट असली की नाव आलंच, असं नाही. विधवेच्या घरी नियमित पगार येत असेल, तर ते घर मागे राहू शकतं. दोन्ही मिळून पाहणं हेच न्याय्य आहे.

अनेक ठिकाणी वस्तीची समिती पहिली यादी करते. ती सर्वांसमोर वाचून दाखवावी किंवा लावावी आणि हरकतीला मुदत द्यावी, अशी रीत आहे. मग काही घरांना भेट देऊन पडताळणी होते. समितीत बायका आणि वस्तीतले दुबळे गट नसतील, तर ती यादी तिथल्या वजनदार माणसांची होते. हे पहिल्याच बैठकीत बोलून दाखवावं.

कागदपत्रं

कुटुंबातल्या एका प्रौढाचं ओळखपत्र, निर्वासित असल्यास नोंदणीचा कागद, घरातल्या सगळ्यांची नावं आणि वयं, मुलांच्या वयासाठी जन्मदाखला किंवा लसीकरणाचं कार्ड. रोख मदत असेल तर चालू मोबाइल क्रमांक किंवा खातं. स्वतः रांगेत जाऊ न शकणाऱ्याने आपल्या वतीने घेणाऱ्याचं नाव नोंदणीच्या वेळीच द्यावं.

कागद वाहून गेले, जळाले किंवा पळताना मागे राहिले, तर? आपत्तीत हे गृहीतच धरलेलं असतं. ओळख पटवणारे शेजारी, वस्तीप्रमुख, शिक्षक किंवा आरोग्यसेविका यांच्या साक्षीवर नोंदणी करण्याची सोय ठेवतात. “कागद नाही” एवढ्यावर परत पाठवलं, तर ही सोय कुठे आहे ते विचारा. बोटांचे ठसे किंवा फोटो घेताना ते कशासाठी आणि कोणाकडे जाणार, हे ऐकून मगच संमती द्यावी.

लहान मुलांच्या उपचारासाठी या यादीची वाट पाहू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजतात. ११५ मिलिमीटरच्या खाली अतितीव्र कुपोषण, ११५ ते १२५ च्या आत मध्यम. दोन्ही पावलांवर सूज असेल आणि दाबल्यावर खळगा पडत असेल, तर पट्टी काहीही सांगो, उपचार लगेच हवेत. इथे पट्टीचं माप हाच पुरावा.

नाव आलं नाही तर

तक्रारीची खिडकी, पेटी किंवा फोन क्रमांक सहसा असतो. तक्रारीत “आमच्यावर अन्याय झाला” एवढंच न लिहिता घरातली माणसं, कमावणारे, गेलेली साधनं आणि आपल्याला लागू होणारा निकष लिहावा. तारीख घालून एक प्रत जवळ ठेवावी. नोंदणी, कार्ड आणि वाटप यांना एक पैसाही लागत नाही. कोणी पैसे, वाटा, फुकट काम किंवा शरीरसंबंध मागत असेल, तर तो गुन्हा आहे. मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध मागायला मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी २००२ मध्येच आपल्या कर्मचाऱ्यांना स्पष्ट मनाई केलेली आहे. अशी तक्रार नाव न देताही करता येते आणि तिच्यामुळे मदत बंद करता येत नाही.

नाव आलं तरी ते कायमचं नसतं. काही महिन्यांनी फेरपडताळणी होते आणि वाटपानंतर काही घरांना तेच सात दिवसांचे प्रश्न पुन्हा विचारतात. जन्म, मृत्यू, स्थलांतर झालं की मदतकेंद्रावर कळवावं. मुलगा-सून वेगळे झाले असतील तर त्यांची नोंदणी स्वतंत्र करून घ्यावी, कारण मूळ कार्डावरचं धान्य एकाच चुलीच्या हिशेबाने येत राहतं.