बालसंगोपन ते बालविकास: एका ऐच्छिक विषयाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला बालविकास हा विषय घेणारे विद्यार्थी सध्या जी पाठ्यपुस्तके वापरतात, त्यांपैकी अकरावीचे २०१९ मध्ये आणि बारावीचे २०२० मध्ये आले. पुस्तके नवी असली तरी विषय जुना आहे. तो गृहशास्त्राच्या वर्गातून वाढला आणि ऐच्छिक राहिला. हे योगायोगाने झाले नाही, त्यामागे साठ वर्षांपूर्वी घेतलेली एक भूमिका आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा संस्थापकांसमोर टोकियोतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका होती आणि भावी गृहिणी व माता घडवणे हे उद्दिष्ट उघडपणे मांडले जात होते. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने उच्च माध्यमिक शिक्षणाचे जे सात गट सुचवले, त्यांत गृहशास्त्र हा एक स्वतंत्र गट होता आणि मुलींच्या शाळांत त्याची खास सोय करावी, असेही त्याने म्हटले. व्यवहारात या वर्गात स्वयंपाक आणि शिवण यांचेच पारडे जड राहिले. धावदोरा, हेमटाका आणि काजाचे नमुने चिकटवलेली वही अनेक घरांतल्या जुन्या ट्रंकेत आजही सापडेल. बाळ त्या वहीत शेवटी येई, तेही झबले-टोपडे शिवण्याच्या निमित्ताने.

खरा वाद साठच्या दशकातला आहे. मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत भेद असावा का, या एकाच प्रश्नासाठी नेमलेल्या समितीने १९६२ च्या सुमारास असा भेद नसावा, अशी भूमिका घेतली. पुढे १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने ती उचलून धरली आणि गृहशास्त्र ऐच्छिक ठेवावे, मुलींवर त्याची सक्ती करू नये, असे सुचवले. मुलगी म्हणून तिला गणिताऐवजी चूल शिकवायची, ही रीत मोडणे त्या काळी निकडीचे होते, आणि शिफारशीमागचा हेतू निःसंशय पुरोगामी होता. परंतु सक्ती काढण्याचे दोन मार्ग होते: विषय कोणालाच सक्तीचा न करणे किंवा तो सर्वांनाच शिकवणे. आपण पहिला मार्ग धरला. परिणामी मुलींवरची सक्ती संपली, पण मुलग्यांपर्यंत विषय पोहोचलाच नाही आणि मूल वाढवण्याचे ज्ञान सर्वांच्या सामायिक शालेय शिक्षणात कधी स्थिरावले नाही. या टप्प्याची चर्चा नेहमी स्त्री-पुरुष समतेच्या अंगाने होते, बाळाच्या अंगाने ती क्वचितच झाली.

दुसरा मार्ग जपानने घेतला. तेथेही हा विषय उच्च माध्यमिक शाळेत अनेक वर्षे केवळ मुलींना सक्तीचा होता. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव दूर करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला १९८५ मध्ये मान्यता देताना ही विषमता अडचणीची ठरली. १९८९ मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि १९९४ पासून गृहशास्त्र मुलामुलींना सारखेच सक्तीचे झाले. त्याच कराराला भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली, पण त्या निमित्ताने आपल्याकडे या विषयाची फेरमांडणी झाली नाही.

विषयाच्या नावाचा गुंताही समजून घ्यायला हवा. ‘संगोपन’ आपण झाडांचेही करतो आणि ‘पालन’ शेळ्या-कोंबड्यांचे. दोन्ही शब्दांत करणारा हात महत्त्वाचा असतो आणि तो आईचाच, असे न बोलता गृहीत धरले जाते. ‘विकास’ म्हटले की लक्ष बाळाकडे वळते: मान केव्हा धरली, पालथे केव्हा पडले, बोबडे बोल केव्हा फुटले. हा फरक नुसता शब्दांचा नाही. सहा महिने फक्त आईचे दूध, एवढे वाक्य शिकून सतरा वर्षांची विद्यार्थिनी घरी येते आणि वहिनीच्या बाळासाठी आजी सहाणेवर बाळगुटी उगाळत असते, तेव्हा पुस्तक आणि परंपरा यांचा सामना त्या स्वयंपाकघरातच होतो. तिसरा शब्द ‘पालकत्व’. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात त्याचा अर्थ कायदेशीर ताबा व जबाबदारी असा आहे, तर शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ‘पालकांची सही’ वडील, आई, मामा किंवा आजोबा, कोणाचीही चालते. म्हणजे आईबापांपलीकडे जाणारा शब्द मराठीत तयार होता, पण अभ्यासक्रमाच्या नावात त्याला जागा मिळाली नाही.

प्रत्यक्षात किशोरवयीन मुली बाळे सांभाळतच होत्या. १९४५ नंतर आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे प्रयोग झाले, त्यांत आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे लक्षात आले. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या. या अनुभवाचा माध्यमिक अभ्यासक्रमाशी सांधा जुळला असता, तर आजचे चित्र वेगळे दिसले असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९७५ मध्ये राज्यात नव्या (१०+२+३) आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला अंगणवाड्यांची केंद्रीय योजना सुरू झाली. दोन्हींचा एकमेकींशी संबंध आला नाही. पुढे उच्च माध्यमिक व्यवसाय शिक्षणात पाळणाघर व पूर्वप्राथमिक शाळा चालवण्याचा अभ्यासक्रम आला आणि बालसंगोपनाला रोजगाराचे रूप मिळाले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतरच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकाने तर ‘गृहविज्ञान’ हे नावच सोडून ‘मानव पारिस्थितिकी आणि कुटुंब विज्ञान’ असे नाव घेतले. मुलग्यांना अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून घर झाकण्याचा हा खटाटोप कितपत लाभला, याविषयी शंका घेण्यास वाव आहे. २००७ मध्ये किशोरवयीनांसाठीचा लैंगिकता शिक्षणाचा कार्यक्रम राज्याने थांबवला, आणि मूल जन्माला कसे येते हे टाळून मूल वाढते कसे हे शिकवण्याची जुनी अडचण कायम राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला, मात्र त्यासाठी जे प्रशिक्षण त्यात योजले आहे, ते शिक्षकांचे आणि अंगणवाडी सेविकांचे आहे.