आपला नंबर येण्याआधी

महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी जळगावातल्या एखाद्या वर्गात एरंडोल, साक्री, शहादा अशा ठिकठिकाणांहून आलेली मुले बसलेली असतात आणि एकेकाने उभे राहून आपली ओळख करून द्यावी, असे प्राध्यापक सांगतात. घरी, शेतात आणि एस.टी.त अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या डोक्यात त्या क्षणी दोन कामे सुरू होतात : वाक्य प्रमाण मराठीत जुळवणे आणि आपल्याआधी किती जण उरले ते मोजणे. दोघेच उरले, की घशाला कोरड पडते, तळहात ओले होतात आणि शेजारच्याने आत्ताच सांगितलेले नाव कानांवर पडूनही लक्षात राहत नाही.

यांतली शेवटची गोष्ट मला सर्वांत दिलासादायक वाटते. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना एकत्र बसवून क्रमाने एकेक शब्द मोठ्याने वाचायला लावला आणि नंतर आठवतील तितके शब्द सांगायला सांगितले. स्वतः वाचलेला शब्द लोकांना चांगला आठवत होता. मात्र आपल्या वाचनाच्या लगेच आधी आणि लगेच नंतर इतरांनी वाचलेले शब्द फारच कमी आठवत होते. बोलण्याची वेळ जवळ आली, की सगळे लक्ष स्वतःच्या तयारीकडे वळते, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. म्हणजे तुमच्यानंतर ज्याचा नंबर आहे, तो तुमचे अडखळणे टिपत बसलेला नसतो.

घशाच्या कोरडीचे कारण शरीरात आहे. अनोळखी माणसे आपल्याला जोखत आहेत, ही जाणीव मेंदू धोक्याच्याच खात्यात जमा करतो. शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था जागी होते, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात आणि पातळ लाळ आटते. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये असा ताण मुद्दाम आणण्यासाठी एक चाचणीच तयार केली : निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे भाषण करायचे आणि मग तोंडी वजाबाक्या करायच्या. एवढ्यानेही कॉर्टिसोल या ताणात स्रवणाऱ्या संप्रेरकाची लाळेतील पातळी ठळकपणे वाढते. यावर ‘शांत हो’ हा सल्ला फारसा चालत नाही. श्वास सावकाश सोडणे मात्र चालते, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस या चेतेचा हृदयावरील लगाम आवळतो आणि ठोके थोडे मंदावतात.

शिवाय आतली धडधड बाहेर वाटते तितकी दिसत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये भाषण करणाऱ्यांवर प्रयोग केले, तेव्हा वक्त्यांना आपली भीती जितकी उघड वाटत होती, तितकी ती श्रोत्यांना जाणवत नव्हती. ही गोष्ट ज्यांना आधीच समजावून सांगितली, त्यांची भाषणे श्रोत्यांनाही अधिक चांगली वाटली. निव्वळ माहितीने धीर येतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते.

आता नावाविषयी. ओळख करून देताना नाव खणखणीत सांगावे, असे म्हणतात आणि ते खरेच. पण नाव ही स्मरणाला जड जाणारी गोष्ट आहे. १९८७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अनोळखी चेहऱ्यांसोबत नावे आणि व्यवसाय शिकवले, तेव्हा एकच शब्द व्यवसाय म्हणून अधिक आठवला आणि आडनाव म्हणून कमी. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे, तर ‘हे सोनार आहेत’ यातला सोनार आडनावाचा असेल, तर तो कानामागे जातो. धंद्याचा असेल, तर जळगावचा सराफ बाजार, तराजू आणि भट्टी डोळ्यांपुढे येते. नावाला चित्र नसते, कामाला असते. पारावर बसलेला म्हातारा नवख्या मुलाला ‘कोना पोऱ्या शेस तू?’ असे विचारून लगेच गावही विचारतो, तेव्हा तो चौकसपणा तर करतोच, पण नाव टांगायला खुंटीही शोधत असतो.

खान्देशातल्या वर्गात पाच-सहा पाटील सहज असतात. त्यांतल्या एकाने उभे राहून, ‘आमची रावेरला केळी आहे, यंदा वादळात अर्धी बाग आडवी झाली’, एवढे सांगून मग नाव सांगितले, तर आठवड्याने कॅन्टीनमध्ये कोणीतरी येऊन आधी बागेचे काय झाले ते विचारील आणि मग जरा ओशाळून नाव.