ओळीपुरतीच मशागत : शुगरबीटच्या शेतातून नांगर कसा मागे हटला

शुगरबीटचं, म्हणजे ज्याच्या कंदापासून साखर काढतात त्या बीटचं, पेरणीसाठी गोळी करून तयार केलेलं बी मिऱ्याच्या दाण्याएवढं असतं. ते दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा खोल पडलं तर कोंबाला वर यायला जोर पुरत नाही, उथळ पडलं तर ओल पुरत नाही. उगवल्यावर सोटमूळ सरळ खाली जायला हवं. वाटेत घट्ट थर लागला की कंदाला फाटे फुटतात, फाट्यांत माती अडकते आणि कारखान्यावर त्या मातीचं वजन कापून घेतलं जातं. म्हणजे वर बारीक, भुसभुशीत आणि खाली मोकळी अशी जमीन हवी. युरोपात यावर शंभराहून अधिक वर्षं एकच उपाय सांगितला गेला : खोल नांगरा.

पट्टा मशागत, म्हणजेच स्ट्रिप टिलेज, याच्या उलट जाते. सगळं शेत न उलथता जिथे बीटची ओळ येणार तेवढाच 15 ते 25 सेंटीमीटर रुंदीचा पट्टा फणाने मोकळा करायचा आणि मधली जागा गव्हाच्या धसकटांसकट तशीच ठेवायची. ओळींमधलं अंतर साधारण 45 ते 50 सेंटीमीटर, त्यामुळे निम्म्याच्या आसपास जमिनीला हातही लागत नाही. असं अवजार बनवणं फारसं अवघड नव्हतं. नांगर ज्या कामांसाठी लागत होता, ती कामं एकेक करून दुसऱ्या कुणी उचलायला मात्र बराच काळ जावा लागला. मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बीटमध्ये उसासारखीच साखर आहे हे बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफने 1747 मध्ये दाखवून दिलं. त्याचा शिष्य फ्रांझ कार्ल आखार्ड याने सायलेशियातल्या कुनेर्न या गावी (आज ते पोलंडमध्ये आहे) 1801 मध्ये पहिला कारखाना उभारला. नेपोलियनच्या युद्धांत वेस्ट इंडिजची साखर अडली आणि 1811 च्या फर्मानाने फ्रान्समध्ये बीटची लागवड वाढवली गेली. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. शेतीच्या दृष्टीने खरी घडामोड पुढच्या पन्नास-साठ वर्षांत, जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या परिसरात झाली.

तिथली काळी, वाऱ्याने वाहून आणलेल्या मातीची जमीन खोल होती. बीटला खोल जमीन मानवते, हे लक्षात आल्यावर बैलाघोड्यांच्या नांगराची खोली कमी पडू लागली. इंग्लंडच्या जॉन फाउलरने 1858 मध्ये वाफेच्या नांगरासाठी तिथल्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचं बक्षीस मिळवलं होतं. पुढे रुळलेली त्याची पद्धत अशी : शेताच्या दोन टोकांना दोन वाफेची इंजिनं उभी करायची, मध्ये पोलादी दोर आणि त्या दोराने नांगर इकडून तिकडे खेचायचा. इंजिनं बांधावरच राहत, त्यामुळे त्यांचं वजन शेतात येत नसे. फाउलरच्या कंपनीत काम केलेला जर्मन अभियंता माक्स आइट याने या नांगराचा देशोदेशी प्रसार केला आणि माग्डेबुर्गच्या बीट उत्पादकांनी तो उचलून धरला. खोल नांगरटीमागे अनुभव होता, उत्पन्न होतं. पुढे बीट म्हटलं की खोल नांगरट हे समीकरण इतकं पक्कं झालं, की त्याबद्दल प्रश्नच कुणी विचारेना.

त्याच काळात दुसरा धडा मिळाला. वर्षानुवर्षं बीटवर बीट घेतलेली शेतं थकू लागली. त्यामागे सूत्रकृमी (मुळांना लागणारा धाग्यासारखा सूक्ष्म कृमी) आहे हे हेर्मान शाख्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाला 1859 मध्ये दिसलं. उपाय एकच होता : पिकांची फेरपालट. तीन-चार वर्षांतून एकदाच बीट, मध्ये गहू, बार्ली. बीट गव्हाच्या मागे येऊ लागलं ते असं, आणि गव्हाची धसकटं व काड बीटच्या पेरणीआधी गाडायचं कामही नांगरावर आलं.

आता बियाण्याकडे वळू. जुन्या बीटचं एक ‘बी’ म्हणजे प्रत्यक्षात दोन-चार बियांचा गठ्ठा. एका जागी तीन-चार रोपं वर येत आणि एक ठेवून बाकीची खुरप्याने काढावी लागत. हेक्टरी सुमारे एक लाख झाडं ठेवायची, म्हणजे विरळणीचं काम किती असेल याचा अंदाज करा. ज्यांनी कधी वाकून विरळणी केली आहे, त्यांना आकड्यांची गरज नाही. जर्मनीत त्यासाठी पोलिश मजुरांच्या टोळ्या येत, अमेरिकेत मेक्सिकोहून आलेली कुटुंबं शेतात उतरत. 1948 मध्ये सावित्स्की या संशोधकाला ओरेगनच्या बीज-प्लॉटमध्ये एकेकच बी धरणारी झाडं सापडली. त्यांच्यापासून 1950 च्या दशकाअखेर अमेरिकेत, मग युरोपात एकबीजी वाण आले. बी नेमक्या अंतरावर एकेक टाकणारी पेरणी यंत्रं आली. पण आता उगवण चुकली तर पर्यायी रोपच उरलं नाही. ढेकळं, पेंढ्याचे पुंजके, कमी-जास्त ओल, काहीही चाललं नसतं. एकबीजी बियाण्यामुळे सुरुवातीला नांगरटीचा आग्रह उलट वाढला.

नांगराचं दुसरं मोठं काम तण गाडण्याचं. 1968 मध्ये फेनमेडिफॅम हे बीटच्या उभ्या पिकात फवारता येणारं तणनाशक आलं. 1974 पासून बाजारात आलेल्या ग्लायफोसेटने पेरणीआधीचं तण न नांगरता मारता येऊ लागलं. नांगराचा निम्मा आधार इथेच सुटला.

आणि तोपर्यंत नांगरटीची किंमत डोळ्यांना दिसू लागली होती. बीटची पानं ओळी झाकायला जून उजाडतो. तोवर चढाच्या शेतात वळवाच्या एका सरीने वाफे धुऊन निघत. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या फेन भागातली काळी, हलकी माती वसंतातल्या वाऱ्यात उडते आणि तिच्यासोबत पेरलेलं बीही जातं. अमेरिकेत नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, नॉर्थ प्लाट नदीच्या खोऱ्यात वाऱ्याने उडालेली रेती कोवळ्या रोपांच्या देठांवर सँडपेपरसारखी घासते. रोप जमिनीलगत करपतं आणि दुबार पेरणी करावी लागते. दुबार पेरणीचं दुःख आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको.

जर्मनीत 1980 च्या दशकात याला आच्छादनाची पेरणी हे उत्तर मिळालं, आणि त्यात एक सुंदर योग जुळून आला. सूत्रकृमीला रोखणारे मोहरी आणि मुळ्याचे वाण तयार झाले होते. गहू निघाल्यावर ते पेरायचे, हिवाळ्यात थंडीने मोहरी मरून जमिनीवर पडते, तिच्यातच बीट पेरायचं. शंभर वर्षं जुन्या शत्रूवरचा उपायच मातीचं पांघरूण झाला. पण आच्छादनाखालची जमीन वसंतात उशिरा तापते, ओलीच राहते आणि वापसा (मशागतीजोगी बेताची ओल) यायला दिवस लागतात. ओळ उघडी आणि मधली जागा झाकलेली, ही कल्पना इथे स्वाभाविकपणे पुढे आली. काळा पट्टा ऊन घेतो, लवकर वाळतो. शेजारची धसकटं वारा आणि पाणी अडवतात. मधल्या न हललेल्या जमिनीत गांडुळांची बिळं शाबूत राहतात आणि पावसाचं पाणी त्यांतून खाली मुरतं.

एक अडचण तरीही होती. शरद ऋतूत पाडलेल्या पट्ट्याच्या नेमक्या मध्यावर चार-पाच महिन्यांनी पेरायचं कसं? पाच-सहा सेंटीमीटर चुकलं तरी बी कडेच्या कडक जमिनीत पडणार. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्यानंतर जमिनीवरच्या स्थानकाकडून दुरुस्ती घेणारी आरटीके प्रणाली परवडू लागली आणि ट्रॅक्टर दोन-तीन सेंटीमीटरच्या फरकाने त्याच रेषेवर परत येऊ लागला. मका-सोयाबीनमध्ये रुळलेली पट्टा मशागत बीटमध्ये जोमाने आली ती यानंतर. मोंटानातल्या सिडनीचं सरकारी संशोधन केंद्र, जर्मनीतलं होहेनहाइम विद्यापीठ, अशा ठिकाणी याच दशकात प्रयोग झाले. अमेरिकेत 2008 पासून ग्लायफोसेट सहन करणारं जनुकीय बीट मोठ्या प्रमाणावर पेरलं गेलं, त्यामुळे तिथे उभ्या पिकातल्या तणाचा प्रश्न हलका झाला. युरोपात ते बीट पेरायला परवानगी नाही, आणि दोन्हीकडच्या प्रसाराच्या वेगात फरक पडण्यामागे माझ्या मते हे एक ठळक कारण आहे.

महाराष्ट्रातही याच दशकात उष्ण हवामानात येणाऱ्या शुगरबीटच्या चाचण्या झाल्या. पीक उसाच्या पट्ट्यात रुजलं नाही, पण पट्टा मशागत समजून घ्यायला आपला वापसा हा एक शब्दच पुरेसा आहे. भारी जमिनीत वापसा नसताना फण घातला तर पट्ट्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मूळ त्या भिंतीला धरूनच वाकडं जातं. म्हणून भारी जमिनीत पट्टे शरदातच पाडून ठेवतात, थंडी ढेकळं फोडते. हलक्या जमिनीत वसंतात, पेरणीच्या तोंडावर पाडलेले चालतात. काडाचंही तसंच. कापणी यंत्राने काड एकसारखं पसरलं नसेल तर पट्ट्यात पुंजके दाबले जातात, त्यांत बी लटकतं, आणि काडाखालच्या गोगलगायी कोवळी रोपं फस्त करतात. अनुभवी शेतकरी सांगतात की बीटची पट्टा मशागत गव्हाच्या कापणीच्या दिवशीच सुरू होते.

युरोपीय संघाने ग्लायफोसेटची परवानगी 2023 मध्ये दहा वर्षांसाठी वाढवली आहे. तिच्यावर विसंबून न राहण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. काही शेतकरी हिवाळ्यातल्या कडाक्याच्या पहाटे, जमीन वरून गोठलेली असताना, मोहरीवर रोलर फिरवतात. गोठलेली खोडं काडकाड मोडतात, आणि खालची माती रोलरच्या वजनाने दबत नाही.