रिकाम्या बाटल्या आणि कॅन परत करून अनामत कशी मिळवायची: पात्रता, कागदपत्रे, पद्धत

आधी कागदपत्रांचं सांगून टाकतो, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. अर्ज नाही, रहिवासी दाखला नाही आणि नेहमीच्या व्यवहाराला ओळखपत्रही नाही. खरेदीची पावतीसुद्धा कोणी मागत नाही. पुरावा एकच, ती बाटली स्वतः. तिच्यावरचा बारकोड आणि अनामतीची खूण शाबूत असली तर पैसे मिळतात, लेबल फाटलं की अडचण सुरू.

पेय विकत घेताना किमतीच्या वर एक छोटी रक्कम अनामत म्हणून घेतली जाते आणि रिकामी बाटली किंवा कॅन आणून देणाऱ्याला ती परत मिळते. आणून देणारा मूळ गिऱ्हाईकच असला पाहिजे अशी अट नसते. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या बाटल्या गोळा करून पैसे मिळवता येतात ते यामुळेच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने असा कायदा 1971 मध्ये केला. आज तिथल्या दहा राज्यांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत ही व्यवस्था आहे.

कोणती बाटली चालते?

पात्रता तपासायची ती माणसाची नव्हे, बाटलीची, आणि इथे प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे आहेत. आयर्लंडमध्ये ही योजना 1 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाली. तिथे 150 मिलिलिटर ते 3 लिटरपर्यंतच्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅन चालतात, काच आणि दुधाच्या बाटल्या चालत नाहीत. 500 मिलिलिटरपर्यंत 15 सेंट, त्याहून मोठ्याला 25. जर्मनीत एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीला आणि कॅनला 25 सेंट मिळतात, पण पुन्हा भरल्या जाणाऱ्या बिअरच्या काचेच्या साध्या बाटलीला फक्त 8. वजनाने जड असते ती काच आणि पैसे जास्त मिळतात ते हलक्या प्लास्टिकला! पिशवी खांद्यावर घेऊन चालणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

खूण नसेल तर बाटली दिसायला कितीही तशीच असो, तिला काही मिळत नाही. शेजारच्या देशातून किंवा राज्यातून आणलेल्या बाटलीचंही तेच, कारण तिची अनामत या व्यवस्थेत कोणी भरलेलीच नसते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दर बाटलीला 10 सेंट मिळतात आणि बऱ्याच राज्यांत 5. त्यामुळे बाहेरून ट्रक भरून आणण्याचा मोह काहींना होतो. तिथला कायदा याला गुन्हा मानतो: बाहेरच्या शंभराहून जास्त बाटल्या-कॅन जाणूनबुजून परत केले तर 93 दिवसांपर्यंत कैद आणि 1,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

परत करताना

बाटली पूर्ण रिकामी करा, पण चेपू नका. सवयीने कॅन पायाखाली दाबणारे इथेच पैसे घालवतात, कारण चेपलेल्या कॅनचा बारकोड दुकानातल्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राला वाचता येत नाही. लेबल काढू नका. जर्मनीत यंत्राने बाटली नाकारली तरी अनामतीची खूण ओळखू येत असेल तर काउंटरवर हाताने द्या, दुकानाने ती घ्यावी असा नियम आहे. 200 चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाने ती आपल्याकडची नाही म्हणून परत पाठवायची नसते. दुकान प्लास्टिक बाटल्यांतली पेयं विकत असेल तर कोणत्याही कंपनीची अनामतीची प्लास्टिक बाटली त्याला घ्यावी लागते. कॅनलाही हाच न्याय. लहान दुकानाला मात्र ते स्वतः ज्यांचा माल विकतं त्या कंपन्यांपुरतं थांबता येतं.

यंत्र नोटा देत नाही, चिठ्ठी देतं. ती त्याच दुकानाच्या गल्ल्यावर दाखवून रोख घ्यायची किंवा बिलातून वळती करायची. चिठ्ठीचा कागद उन्हात आणि खिशात पुसट होतो, म्हणून त्याच फेरीत वटवलेली बरी. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात 2017 पासून ही योजना आहे, दर नगाला 10 सेंट. तिथे पैसे ॲपमधून खात्यावरही घेता येतात, आणि कागदपत्रं म्हणावीत अशी गोष्ट इथे पहिल्यांदा येते. फार मोठा साठा एकदम आणला तर ओळखपत्र दाखवून लेखी निवेदन द्यावं लागतं.

कॅलिफोर्नियातल्या केंद्रांवर मोठा माल वजनावर घेतात. पण एका प्रकारचे 50 नगांपर्यंत मोजून पैसे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. थोडा माल असेल तर हा हक्क वापरा. वजनाचा दर सरासरीवर ठरतो, आणि तुमच्या पिशवीत हलक्या बाटल्या जास्त असतील तर त्यात तुम्हीच बुडता.

कमाई किती?

न्यूयॉर्कमध्ये दर नगाला 5 सेंट मिळतात आणि दुकान एका माणसाला दिवसाला 240 नगांची मर्यादा घालू शकतं. म्हणजे एका दुकानातून 12 डॉलर. मिशिगनमध्ये दिवसाला 25 डॉलरपेक्षा जास्त देण्याचं बंधन दुकानावर नाही, म्हणजे 250 नग. दोन्हीकडचा आकडा जवळपास सारखाच, पैसे मात्र दुप्पट! म्हणून जास्त माल असेल तर तो दोन-तीन दुकानांत वाटून न्यावा किंवा थेट मोठ्या संकलन केंद्रावर जावं.

माल कुठून आणायचा याबाबत एकच काळजी घ्या. लोकांनी पुनर्वापरासाठी घराबाहेर ठेवलेल्या पेटीतून बाटल्या उचलायला अनेक शहरांत मनाई असते. त्यापेक्षा एखाद्या कार्यालयाच्या किंवा सभागृहाच्या व्यवस्थापकाला विचारून बाटल्या-कॅन वेगळे ठेवून घ्या. तिथे एका समारंभात निघणारा माल रस्त्यावर आठवडाभर फिरूनही मिळत नाही, आणि लेबलंही धड असतात.