होल्डआउट

अमेरिकन फुटबॉलमधील करारविषयक अडवणुकीचा एक प्रकार. करार चालू असलेला किंवा ज्याच्यावर संघाचा हक्क शाबूत आहे असा खेळाडू वाढीव मोबदल्यासाठी सराव शिबिरात, क्वचित सामन्यांनाही, हजर होत नाही, त्यास होल्डआउट म्हणतात. संप संघटना पुकारते. येथे एकटा खेळाडू अडून बसतो.

प्रथेचे मूळ बहुधा बेसबॉलमध्ये असावे. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी प्रत्येक संघाचे ५ खेळाडू राखीव ठेवण्याचा, म्हणजे इतर संघांनी त्यांना न घेण्याचा, समझोता केला. पुढे हे राखीव कलम जवळजवळ सर्वच खेळाडूंना लागू झाले. करार संपला तरी दुसरीकडे जाता येत नसल्याने घरी बसणे एवढेच खेळाडूच्या हाती उरे. फुटबॉलने हेच कलम उचलले असे सर्रास लिहिले जाते. ते तंतोतंत खरे वाटत नाही. नॅशनल फुटबॉल लीगच्या करारात एका जादा वर्षाचा विकल्प संघाकडे असे आणि ते वर्ष खेळून काढल्यावर खेळाडू निदान कागदोपत्री मोकळा होई. आर. सी. ओवेन्स १९६२ मध्ये असाच सॅन फ्रान्सिस्कोहून बाल्टिमोरला गेला. लगोलग १९६३ मध्ये ‘रोझेल नियम’ आला : असा खेळाडू घेणाऱ्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची आणि एकमत न झाल्यास ती आयुक्त पीट रोझेल यांनी ठरवायची. भरपाई किती पडेल याचा भरवसा नसल्याने संघ असे खेळाडू घ्यायला धजावेनात. खेळाडू जॉन मॅकीच्या खटल्यात अपील न्यायालयाने १९७६ मध्ये हा नियम अवैध ठरवला. फुटबॉलमधील अडवणुकीची मुळे राखीव कलमापेक्षा या भरपाईच्या धास्तीत शोधणे अधिक सयुक्तिक दिसते.

आजची कारणे निराळी आहेत. करारातील बरीचशी रक्कम हमीची नसते. संघ खेळाडूला मध्येच काढू शकतो, खेळाडूला मात्र करार मोडता येत नाही. त्यात १९९३ पासून ‘फ्रँचायझी टॅग’ आहे : ठरीव रकमेच्या बदल्यात संघ करार संपलेल्या एका खेळाडूला आणखी वर्षभर अडकवून ठेवू शकतो. नवख्यांची अडवणूक त्यांच्यासाठी २०११ मध्ये ठरलेल्या वेतनश्रेणीनंतर बहुतांशी थांबली.

संघाच्या हातातले पहिले हत्यार दंड. लीग व खेळाडू संघटना यांच्यातील २०२० च्या सामूहिक करारानुसार शिबिराच्या प्रत्येक चुकवलेल्या दिवसाला ५०,००० डॉलर, पहिल्या करारावरील खेळाडूस ४०,०००. पूर्वी समेट झाला की संघ दंड सोडून देत; आता अनुभवी खेळाडूंच्या बाबतीत तशी मुभा नाही. शिबिराच्या अनिवार्य हजेरीच्या तारखेला हजर न झाल्यास ते वर्ष सेवाकाळात धरत नाहीत, आणि मुक्त खेळाडू, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळा, होण्याची वाट लांबते. त्यामुळे वाटाघाटीत रकमेइतक्याच तारखाही महत्त्वाच्या ठरतात. तडजोडीत एकूण आकडा न वाढवता पुढच्या वर्षांचे पैसे अलीकडे आणणे हा संघांचा आवडता मार्ग.

निकाल दोन्हीकडे लागलेले दिसतात. वॉशिंग्टनचा जॉन रिगिन्स १९८० चा संपूर्ण हंगाम बाहेर राहिला. नवे प्रशिक्षक जो गिब्ज त्याला भेटायला कॅन्ससला गेले आणि तो परतला. १९९३ मध्ये अडून बसलेल्या एमिट स्मिथविना डॅलसने पहिले दोन्ही सामने गमावले. दुसऱ्या पराभवानंतर त्याचा सहकारी चार्ल्स हेलीने ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर हेल्मेट भिरकावले. स्मिथला ४ वर्षांचे १.३६ कोटी डॉलर मिळाले आणि डॅलसने लीगचा अंतिम सामना, सुपर बोल, जिंकला. उलट पिट्सबर्गच्या लेव्हियन बेलने २०१८ मध्ये टॅगचे सुमारे १.४५ कोटी डॉलर नाकारले. त्या हंगामात खेळण्यासाठी सही करण्याची १३ नोव्हेंबरची मुदत टळल्यावर दुसऱ्याच दिवशी सहकाऱ्यांनी त्याच्या कपाटातले बूट वाटून घेतले. पुढे न्यूयॉर्क जेट्सने त्याला करार दिला, पण जुना खेळ परतला नाही.

दंड माफ होईनासा झाल्यावर ‘होल्ड-इन’ बोकाळले : खेळाडू शिबिरात येतो, हजेरी लावतो, सराव मात्र करीत नाही. २०२५ मध्ये डॅलसचा मायका पार्सन्स पाठ आखडल्याचे सांगून सरावाबाहेर राहिला. एका सराव सामन्यात तो मैदानाकडेच्या वैद्यकीय टेबलावर आडवा झालेला दिसला. त्याच ऑगस्टमध्ये डॅलसने खेळाडू केनी क्लार्क व नवोदितांच्या वार्षिक निवडीतील (ड्राफ्ट) पहिल्या फेरीच्या दोन निवडींच्या बदल्यात त्याला ग्रीन बेला दिले.