पॉप्युलिस्ट चळवळ (अमेरिका) : विचार आणि मागण्या

अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस उत्पादकांनी आणि पश्चिमेच्या माळरानावरील गहू-मका पिकवणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेली राजकीय चळवळ. तिच्यातून जन्मलेल्या पक्षाचे नाव ‘पीपल्स पार्टी’ आणि अनुयायांचे नाव ‘पॉप्युलिस्ट’. या शब्दाला आज मराठीत ‘लोकानुनयवादी’ म्हणतात आणि त्यातून मतांसाठी लोकांना खूश करत सुटणारा पुढारी डोळ्यांसमोर येतो. मूळ पॉप्युलिस्टांना हा शब्द लावणे अन्यायाचे आहे. चलन, कर्ज आणि रेल्वेभाडे यांचा हिशेब स्वतः मांडून पाहिलेली ही माणसे होती.

त्यांच्या विचारांचे मूळ दुकानदाराच्या खातेवहीत आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेत बँका फारशा उरल्या नव्हत्या. वसंतात शेतकरी गावच्या दुकानदाराकडे जाई. पीठ, खारवलेले डुकराचे मांस, काकवी, नांगराचा फाळ असा माल उधारीवर नेई आणि बदल्यात उभे राहायचे पीक लिहून देई. त्याच वस्तूला रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा त्याहून बराच चढा असे. तारण म्हणून दुकानदाराला कापूसच हवा असल्याने घरापुरता मका लावायचीही पंचाईत होई. शरदात कापूस सरकी काढून, तोलून त्याच्याच दारात येई. वजावट होऊन बाकी उरली की पुढच्या वर्षीचे पीकही त्याच्याच नावे. एकदा या फेऱ्यात सापडलेला जमीनधारक काही वर्षांत कूळ होऊन जाई.

टेक्ससमधील लँपॅसस परगण्यात 1877 च्या सुमारास सुरू झालेली ‘फार्मर्स अलायन्स’ ही संघटना याच अनुभवातून वाढली. गावोगाव फिरणारे व्याख्याते हे तिचे बळ होते. एकत्र खरेदी आणि एकत्र विक्री हा तिचा पहिला उपाय. त्यासाठी 1887 मध्ये डॅलसला सहकारी पेढी उघडली, पण बँकांनी पत नाकारली आणि ती दोन वर्षांतच बुडाली. सहकार कितीही प्रामाणिक असला तरी पैशाची नाडी दुसऱ्याच्या हाती असेल तर तो टिकत नाही, हा धडा तिथे मिळाला.

अलायन्सचे नेते चार्ल्स मकून यांनी 1889 मध्ये मांडलेली ‘सब-ट्रेझरी’ योजना हे त्यावरचे उत्तर, आणि या चळवळीतील सर्वांत अस्सल कल्पना. सरकारने शेतीप्रधान परगण्यांत वखारी बांधाव्यात. शेतकऱ्याने न बिघडणारा माल तिथे ठेवावा आणि बाजारभावाच्या 80 टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षाला 1 टक्का व्याजाने सरकारी नोटांत उचलावी. म्हणजे सुगीत पडत्या भावाने माल विकण्याची सक्ती संपली, सावकारी दुकानदार बाजूला झाला आणि हंगामाच्या गरजेप्रमाणे चलनही वाढले.

4 जुलै 1892 रोजी ओमाहा (नेब्रास्का) येथे पीपल्स पार्टीचा जाहीरनामा संमत झाला. त्याची प्रस्तावना मिनेसोटाच्या इग्नेशियस डॉनली यांची. सरकारी अन्यायाच्या एकाच कुशीतून भणंग आणि लक्षाधीश असे दोन वर्ग जन्मतात, असे ती म्हणते. संपत्ती ती निर्माण करणाऱ्याची, तसेच शेतकरी आणि कामगार यांचे हित एक व शत्रूही एकच, असे जाहीरनामा बजावतो. चलन, वाहतूक आणि जमीन हे त्याचे तीन मुख्य विषय. रेल्वे, तार आणि टेलिफोन सरकारच्या मालकीचे असावेत, रेल्वे कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त बळकावलेली जमीन परत घ्यावी, चढत्या दराने प्राप्तिकर लावावा, टपाल कचेरीत बचत बँक असावी, अशा मागण्या त्यात होत्या. सोबतच्या ठरावांत गुप्त मतदान आणि सिनेटरांची (संसदेच्या वरच्या सभागृहातील सदस्यांची) थेट निवडणूक होती. त्याच प्रस्तावनेत दोन खंडांवर पसरलेल्या कटाची भाषाही आहे. ठरावांत ‘नको असलेल्या’ स्थलांतरितांना रोखण्याची मागणी होती. हा दोष झाकण्यात अर्थ नाही.

चलनाच्या आग्रहाचे कारण साधे होते. चलन अपुरे पडले की भाव उतरतात. समजा, गहू बुशेलला (धान्याचे एक माप) एक डॉलर असताना शेतकऱ्याने 1000 डॉलर कर्ज काढले. भाव निम्मा झाला की तेच कर्ज फेडायला 2000 बुशेल लागतात. 1873 च्या कायद्याने चांदीची मुक्त नाणेपाडणी, म्हणजे कोणीही आणलेल्या चांदीची टांकसाळीत नाणी पाडून देणे, बंद झाली होती. सोळा भार चांदी बरोबर एक भार सोने या दराने ती पुन्हा सुरू करा, म्हणजे चलन वाढून भाव सावरतील, अशी मागणी होती. जून 1893 मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींत लोकांच्या चांदीची नाणी पाडणे थांबवले. चांदीचा भाव कोसळला, आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) सरकारी चांदी खरेदीचा कायदा रद्द केला.

1892 मध्ये पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून अधिक मते मिळाली. जॉर्जियाचे पॉप्युलिस्ट नेते टॉम वॉटसन तेव्हा गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांना सांगत होते, की तुम्हाला वेगळे ठेवतात ते वेगवेगळे लुबाडता यावे म्हणून. काळ्या शेतकऱ्यांची अलायन्स मात्र वेगळीच होती. गोऱ्यांच्या अलायन्सचे दार त्यांना बंद होते. पुढे वॉटसन स्वतःच कडवे वर्णद्वेष्टे झाले. या चळवळीच्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक गोष्ट हीच.

1896 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने चांदीची मागणी उचलून विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उभे केले. पॉप्युलिस्टांनीही त्यांनाच पाठिंबा दिला. वखारींची योजना मागे पडली, चांदी तेवढी उरली. ब्रायन हरले आणि पक्षही विरत गेला. 1913 मध्ये घटनादुरुस्त्यांनी प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक आली. 1933 पासून साठवलेल्या पिकावर सरकारी कर्ज मिळू लागले. रेल्वेचे मुख्य जाळे, पहिल्या महायुद्धाचा अल्प काळ सोडला, तर खाजगी कंपन्यांकडेच राहिले.