झाडावर बसला तर तो सारस नव्हे

गोव्यातल्या करमळीच्या तळ्याकाठी हिवाळ्यात दुर्बीण लावून उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, "तो उंच पक्षी सारस ना हो?" समोर झाडाच्या शेंड्यावर टकल्या डोक्याचा क्षत्रबलाक मान आखडून बसलेला असतो. तो करकोचाच्या कुळातला. सारस क्रौंच कुळातला, आणि त्याच्या पायाचं मागचं बोट इतकं आखूड आणि इतकं वर असतं की फांदी पकडताच येत नाही. झाडावर दिसला, तर सारस नव्हे!

दुसरी खूण कानाची. करकोचे जवळजवळ मुके, चोच खडखडवतात. सारसाची श्वासनलिका छातीच्या हाडात शिरून वेटोळं घेते, म्हणून त्याची तुतारी शेतं ओलांडून ऐकू येते.

गोव्यात सारस नाही. त्यासाठी गोंदिया-भंडाऱ्याकडे जावं. सहा फुटांपर्यंत उंच, जगातल्या उडणाऱ्या पक्ष्यांत उंचीने सर्वांत मोठा असा हा पक्षी आपल्याच मराठी मुलखात भातशेतीत राहतो, पण उरलेत फार थोडे.

झाड नाही म्हणजे घरटं जमिनीवर. पावसाळ्यात पाणी साचलेल्या बांधीत गवत आणि भाताच्या काड्या रचून जोडी ढीग करते, त्यावर बहुधा 2 अंडी. नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर उबवतात. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतात, लावणी केलेल्याला हे लगेच कळेल: भर हंगामात पिकाचा तेवढा तुकडा सोडून द्यायचा, हे शेतकऱ्याच्याच हाती असतं. मला वाटतं, सारस अभयारण्यापेक्षा अशा शेतकऱ्यांमुळे जास्त टिकलाय. विजेच्या तारा मात्र त्याचा जीव घेतात.

सायबेरियन क्रौंचासाठी भरतपूरला जायचे दिवस संपले. शेवटची जोडी तिथे 2002 च्या सुमारास दिसली. आता ते बहुतेक सगळे हिवाळ्यात चीनच्या पोयांग सरोवरावर असतात. काळ्या मानेचा क्रौंच उन्हाळ्यात लडाखमध्ये, हानले आणि त्सो कारच्या पाणथळीत दिसतो. राजस्थानातल्या खीचनला ऑक्टोबर ते मार्च हजारो करकरे क्रौंच उतरतात. ते संकटात नाहीत, पण क्रौंचांचा थवा म्हणजे काय ते तिथेच कळतं.

सारसासाठी पावसाळ्यात घरट्यापाशी जाऊ नका. जोडी उठली की अंडी कावळ्यांच्या तावडीत सापडतात. डिसेंबरात पहाटे गोंदियाच्या परसवाडा तलावाकडे जा, कापलेल्या शेतांवर नजर ठेवा. दोन लाल डोक्यांच्या मध्ये एखादं तांबूस-पिवळ्या डोक्याचं दिसलं, तर ते यंदाचं पिल्लू.